स्टोरेज कंट्रोलरचं अपग्रेड: आधी फेलओव्हर सिद्ध करा, मग सॉफ्टवेअरला हात लावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या एका कारखान्यात दोन कंट्रोलरचा नेटॲप ॲरे (डिस्कचा सामायिक साठा) आहे. त्यावर ऑनटॅप (त्याची ऑपरेटिंग सिस्टिम) ९.१३.१ चालू आहे आणि ते ९.१५.१ वर न्यायचं आहे. फायबर चॅनेलवर (स्टोरेजसाठीचं वेगळं नेटवर्क) सहा ईएसएक्सआय होस्ट (व्हर्च्युअल मशीन चालवणारे व्हीएमवेअरचे सर्व्हर), दोन विंडोज एसक्यूएल सर्व्हर, शिवाय ऑफिसचे एसएमबी शेअर (नेटवर्कवरचे सामायिक फोल्डर). नागपूरला डीआरचा (आपत्तीत वापरायचा) लहान ॲरे स्नॅपमिररने (डेटाची प्रत पाठवत राहणारी नेटॲपची सोय) जोडलेला आहे. व्हेंडरचं म्हणणं, "नॉन-डिसरप्टिव्ह आहे, दिवसाढवळ्यासुद्धा करता येईल." तुम्ही शनिवारी रात्री दहाची वेळ घेतली आहे, तुमचं हे पहिलंच अपग्रेड आहे, आणि आधी नेमकं काय काय तपासायचं हे तुम्हाला हवं आहे.

व्हेंडर चुकीचं सांगत नाही, पण त्याचं वाक्य अर्धं आहे. ॲरेच्या बाजूने काम न थांबता होतं. होस्टच्या बाजूने ते तसं होईल की नाही हे तुमच्या केबल, झोनिंग (फायबर स्विचवर कुणी कुणाशी बोलायचं याचे नियम), स्विचचे पोर्ट आणि टाइमआउट ठरवतात, आणि त्यांची हमी व्हेंडर देत नाही.

आत काय घडतं ते आधी डोळ्यांसमोर आणा. नवी इमेज दोन्ही कंट्रोलरवर चढवली जाते. मग पहिल्या कंट्रोलरचं सगळं काम दुसरा आपल्याकडे घेतो. याला टेकओव्हर म्हणतात. पहिला नव्या इमेजवर बूट होतो आणि आपलं काम परत घेतो, म्हणजे गिव्हबॅक. मग हेच उलट बाजूने. एनव्हीरॅममधल्या (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीतल्या) नोंदी दोन्हीकडे आरशासारख्या असल्यामुळे लिहिलेला डेटा हरवत नाही. क्लायंट सावरावेत म्हणून ऑटोमेटेड अपग्रेड मध्ये वाट पाहतो, मूळ सेटिंगनुसार ८ मिनिटं. म्हणजे त्या रात्री तुमच्याकडे दोन टेकओव्हर आणि दोन गिव्हबॅक होणार, आणि प्रत्येक वेळी आयओ (डेटाचं वाचन-लेखन) काही सेकंद अडखळणार. एकाचं काम दुसऱ्याने उचलणं म्हणजे फेलओव्हर, आणि अपग्रेड म्हणजे ठरवून केलेला फेलओव्हर. त्यामुळे तयारीचा तीन चतुर्थांश वेळ एकाच प्रश्नाला द्या: आमचा फेलओव्हर आज, आत्ता, खरोखर चालतो का?

"चालतोच की, स्क्रीनवर हिरवं दिसतंय" हे उत्तर पुरत नाही. १ ऑक्टोबर २०२० ला टोकियो शेअर बाजाराचे व्यवहार दिवसभर बंद राहिले. कारण एका शेअर्ड डिस्क उपकरणातली मेमरी बिघडली होती. अशा वेळी काम आपोआप दुसऱ्या उपकरणाकडे जायला हवं होतं, ते गेलं नाही. त्यासाठीचं सेटिंग बंद होतं. मॅन्युअलमध्ये मात्र लिहिलं होतं की बंद असलं तरी काही सेकंदांनी काम आपोआप दुसरीकडे जाईल. उपकरणाचं वर्तन मधल्या काळात बदललं होतं आणि मॅन्युअल जुनंच राहिलं होतं. बाजाराच्या अध्यक्षांनी त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला राजीनामा दिला. आपल्या कामाच्या दृष्टीने यातला धडा अगदी नेमका आहे. सेटिंगचं नाव तेच राहतं, त्याचा अर्थ आवृत्तीबरोबर बदलू शकतो. म्हणून ९.१४.१ आणि ९.१५.१ या दोन्हींच्या रिलीज नोट्स मुळापासून वाचा, फक्त शेवटच्या आवृत्तीच्या नाही. आणि कागदावर विसंबू नका, करून बघा.

करून बघण्याचं वेळापत्रक मी असं ठेवतो. खऱ्या अपग्रेडच्या दोन आठवडे आधी, रीतसर चेंज रिक्वेस्ट घेऊन, जुन्याच आवृत्तीवर एक टेकओव्हर-गिव्हबॅक करायचा, दोन्ही दिशांनी. त्यासाठी मॅनेजमेंटकडे जास्तीचा एक डाउनटाइम मागावा लागतो आणि तो मागायला जीवावर येतं, हे मला माहीत आहे. तरी मागा. त्या दिवशी एखादा होस्ट कोलमडला, तर कारण होस्टच्या रस्त्यात आहे हे लगेच कळतं, कारण सॉफ्टवेअर बदललेलंच नसतं. तोच होस्ट अपग्रेडच्या रात्री कोलमडला, तर नव्या आवृत्तीत बग आहे, ड्रायव्हर जुळत नाही की केबल सुटली आहे, हे शोधण्यात रात्रीचे दोन वाजतात, आणि तेव्हा एक कंट्रोलर नव्या आवृत्तीवर आणि दुसरा जुन्यावर अशी अवस्था असते.

अशी एक रात्र मी काढली आहे. एका प्लांटमध्ये टेकओव्हर सुरू झाला आणि मिनिटभरात एका ईएसएक्सआय होस्टवरची अकरा व्हर्च्युअल मशीन गोठली. ॲरेवर सगळं हिरवं होतं. आम्ही मल्टिपाथची (एकाच डिस्ककडे जाणारे अनेक रस्ते वापरण्याची) पॉलिसी तपासत बसलो, झोनिंग पाहिलं, सपोर्टला फोन लावला. शेवटी डेटा सेंटरमधल्या मुलाला रॅकच्या मागे पाठवलं. त्याने व्हिडिओ कॉलवर दाखवलं: दुसऱ्या एचबीएची (होस्टमधलं फायबर चॅनेलचं कार्ड) केशरी केबल पोर्टमधून काढलेली होती आणि हेलकावू नये म्हणून रॅकच्या खांबाला पांढऱ्या टेपने नीट चिकटवली होती. टेपवर पेनने तारीख होती, सात महिन्यांपूर्वीची. कुणीतरी एसएफपी (पोर्टमधला ऑप्टिकल मॉड्यूल) बदलायला ती काढली होती. स्टोरेजची टीम, व्हीएमवेअरची टीम आणि नेटवर्कची टीम, तिघांनीही आपापल्या स्क्रीन पाहिल्या होत्या. एका लनला (ॲरेने होस्टला दिलेली डिस्क) जेवढे पाथ असायला हवेत तेवढे खरंच आहेत का, हे मोजलं कुणीच नव्हतं.

म्हणून मोजा. तुमच्याकडे सहाच होस्ट आहेत, एका दुपारचं काम आहे. फायबर चॅनेलचे लिफ (ॲरेचे लॉजिकल पत्ते) टेकओव्हरमध्ये दुसरीकडे उडी मारत नाहीत, दुसऱ्या कंट्रोलरकडे वळायचं काम होस्टच्या मल्टिपाथलाच करावं लागतं. त्यामुळे प्रत्येक होस्टवर प्रत्येक लनला दोन्ही फॅब्रिकमधून आणि दोन्ही कंट्रोलरकडे जाणारे पाथ हवेत. काही 'ऑप्टिमाइझ्ड', काही 'नॉन-ऑप्टिमाइझ्ड', आणि एकही 'डेड' नको. ईएसएक्सआयवर पाथची यादी काढा आणि अलुआ (कुठला पाथ जवळचा हे होस्टला सांगणारी पद्धत) ओळखलं जातंय ना, राउंड रॉबिन (पाथ आळीपाळीने वापरणं) लागलंय ना, ते बघा. विंडोजच्या दोन सर्व्हरवर एमपीआयओची (विंडोजचं मल्टिपाथ) यादी एमपीक्लेम कमांडने मिळते. लिनक्सचं एखादं फिजिकल मशीन असेल तर मल्टिपाथच्या यादीत 'फेल्ड' किंवा 'फॉल्टी' शब्द शोधा. ही यादी फाईलमध्ये जपून ठेवा. अपग्रेडच्या रात्री पहिल्या गिव्हबॅकनंतर हीच यादी पुन्हा काढून शेजारी ठेवायची आहे.

टाइमआउटही इथेच बघून घ्या. विंडोजमध्ये डिस्कचा टाइमआउट रजिस्ट्रीत असतो, तो ६० सेकंद असावा. लिनक्सचा मूळ एससीएसआय टाइमआउट ३० सेकंद असतो. व्हीएमवेअर टूल्स नीट बसलेले असतील तर गेस्टमध्ये तो १८० पर्यंत वाढतो. टूल्स कधीच न बसवलेलं एखादं जुनं लिनक्स व्हीएम प्रत्येक ठिकाणी निघतंच. बहुधा गेटवरच्या हजेरीचं किंवा वजनकाट्याचं असतं. टेकओव्हरमध्ये त्याची फाईल सिस्टिम रीड-ओन्ली होते आणि सोमवारी सकाळी गेटवर रांग लागते. ते आधीच शोधून काढा.

आता एसएमबी. याबद्दल वापरणाऱ्यांना खरं सांगा. नेटवर्कचे लिफ टेकओव्हरमध्ये दुसऱ्या कंट्रोलरच्या पोर्टवर जातात, पण साध्या एसएमबी शेअरचं सेशन त्यात तुटतं. कुणाची एक्सेल उघडी असेल तर सेव्ह करताना एरर येणार. 'कंटिन्युअसली अव्हेलेबल' शेअरची सोय आहे, पण ती हायपर-व्ही आणि एसक्यूएलसाठी, अकाउंट्सच्या फोल्डरसाठी नाही. तेव्हा मेलमध्ये "काहीही परिणाम होणार नाही" असं लिहू नका. "शनिवारी रात्री दहानंतर शेअरवरच्या फायली उघड्या ठेवू नका" असं लिहा.

लिफच्या बाबतीत अजून एक खड्डा आहे आणि तो स्विचमध्ये असतो. लिफ ज्या पोर्टवर जाणार त्या पोर्टसमोरच्या स्विचवर तो व्हीलॅन (स्विचवर वेगळं केलेलं नेटवर्क) परवानगीत असतोच असं नाही. ॲरेला हे दिसत नाही, त्याच्या मते लिफ 'अप' आहे. दोन वर्षांपूर्वी नवा व्हीलॅन काढताना नेटवर्कवाल्यांनी एकाच बाजूच्या ट्रंकमध्ये तो टाकला असेल, तर आजवर कुणाच्या लक्षात यायचं कारणच नव्हतं. उपाय सोपा आहे. एखाद्या शांत संध्याकाळी प्रत्येक डेटा लिफ एकेक करून हाताने पार्टनरच्या पोर्टवर न्या, वेगळ्या सबनेटमधल्या मशीनवरून पिंग करा, शेअर उघडून बघा आणि परत घरी आणा. एसएमबीचं सेशन यातही तुटतं, म्हणून ऑफिस सुटल्यावरच करा. आधी फेलओव्हर टार्गेटची यादी काढून बघा. एखाद्या लिफला टार्गेटच नसेल तर ते तिथेच कळेल.

तुमच्या वेळेबद्दल माझी हरकत आहे. शनिवारी रात्री दहा ही माणसांच्या दृष्टीने शांत वेळ, मशीनच्या दृष्टीने क्वचितच. आठवड्याचा फुल बॅकअप, अँटिव्हायरसचं पूर्ण स्कॅन, एसक्यूएलचं इंडेक्स रिबिल्ड, डीडुप्लिकेशन (सारख्या डेटाची एकच प्रत ठेवणं), स्नॅपमिररचं अपडेट, सगळं आपण शनिवारी रात्रीच लावून ठेवलेलं असतं. टेकओव्हरच्या काळात एकच कंट्रोलर दोघांचं ओझं उचलणार आहे. म्हणूनच नेटॲपच्या सूचनेत सीपीयू आणि डिस्कचा वापर ५० टक्क्यांच्या आत असावा असं म्हटलं आहे. गेल्या चार शनिवारचे रात्री नऊ ते एकचे ग्राफ काढा आणि दोन्ही कंट्रोलरची बेरीज करा. एक ७० वर आणि दुसरा २५ वर असेल, तर बेरीज ९५ होते. अशा वेळी काम चालेल, पण एसक्यूएलचा लेटन्सी (उत्तराला लागणारा वेळ) इतका वाढेल की ॲप्लिकेशनवाले 'स्टोरेज बंद पडलं' म्हणूनच फोन करतील. मला तुमच्या जागी रविवारी सकाळी सहाची वेळ जास्त पटते. बॅकअप आटोपलेला असतो, माणसं झोप घेऊन आलेली असतात आणि काही अडलं तर पुढे पूर्ण दिवस हातात असतो. रविवारी तुमची शिफ्ट चालते का ते तुम्हालाच माहीत. महिन्याच्या २० तारखेच्या आसपासचा आठवडा मात्र टाळाच. जीएसटीआर-३बी भरायच्या घाईत अकाउंट्सला दहा सेकंदांचा अडथळाही सहन होत नाही, आणि ते रास्त आहे.

त्या वेळेपुरती सगळी शेड्यूल कामं थांबवा: बॅकअप, डीडुप, स्नॅपमिरर. चालू असलेला व्हॉल्यूम मूव्ह आधी संपू द्या. काय काय थांबवलं याची यादी लिहून ठेवा. थांबवलेलं परत सुरू करायचं राहून जातं आणि तीन आठवड्यांनी कळतं की नागपूरला काहीच पोचत नव्हतं.

नागपूरचा ॲरे आधी करा. जुन्या डीपी प्रकारच्या स्नॅपमिररमध्ये डेस्टिनेशन आधी अपग्रेड करणं हा नियमच होता. नव्या एक्सडीपी प्रकारात आवृत्त्यांची लवचीकता आहे, तरी सुसंगतीचा तक्ता बघून घ्या आणि क्रम हाच ठेवा. दुसरा फायदा मोठा आहे. नागपूर म्हणजे तुमची रंगीत तालीम. टेकओव्हरला किती वेळ लागला, रीबूटला किती, गिव्हबॅक कुठे रेंगाळला, घड्याळ लावून लिहा. दोन्ही अपग्रेडमध्ये निदान एक आठवडा जाऊ द्या.

फर्मवेअरकडे लोक शेवटी बघतात, मी आधी बघतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये एचपीईने आपल्या काही सॅस एसएसडींबद्दल सूचना काढली होती: त्या ३२,७६८ तास चालल्या की बंद पडतात आणि डेटा परत मिळत नाही. ३२,७६८ म्हणजे दोनाचा पंधरावा घात. तीन वर्षं, २७० दिवस, ८ तास. एकाच दिवशी सुरू केलेल्या डिस्क एकाच वेळी जाणार, तिथे रेड (एखादी डिस्क गेली तरी डेटा टिकवणारी मांडणी) काय वाचवणार? उपाय एकच होता, वेळेआधी नवं फर्मवेअर. कंपनी कुठलीही असो, डिस्कचं फर्मवेअर ही दुय्यम गोष्ट नाही. ऑनटॅपच्या नव्या इमेजबरोबर डिस्कचं नवं फर्मवेअर असेल तर ते अपग्रेडनंतर पार्श्वभूमीत चढतं. मला त्या रात्री एवढ्या हालचाली एकत्र नको असतात. म्हणून डिस्क क्वालिफिकेशन पॅकेज, डिस्क आणि शेल्फचं फर्मवेअर मी दोन-तीन आठवडे आधीच उरकतो. सर्व्हिस प्रोसेसर किंवा बीएमसीचंही (कंट्रोलर अडकला तरी दुरून त्याच्यापर्यंत पोचवणारी चिप) तेव्हाच. त्यातून एक गोष्ट आपोआप तपासली जाते: बीएमसीचा आयपी लागतो का आणि त्याचा पासवर्ड कुणाला आठवतो का. कंट्रोलर बूट होताना अडकला तर कन्सोलशिवाय तुम्ही आंधळे आहात. तहान लागल्यावर विहीर खोदायची वेळ येऊ देऊ नका. एक लॅपटॉप आणि कन्सोलची केबल रॅकपाशी असू द्या.

ॲरेवरच्या तपासण्या त्या मानाने सरळ आहेत. दोन्ही नोड (म्हणजे कंट्रोलर) हेल्दी आणि एलिजिबल, 'टेकओव्हर पॉसिबल' खरं, पॅनिकवर (कंट्रोलर अचानक कोसळला तर) टेकओव्हर चालू, दोन नोडच्या क्लस्टरसाठीचं क्लस्टर एचए चालू, क्लस्टर रिंगमध्ये (दोन्ही नोडच्या सामायिक नोंदींमध्ये) दोन्हीकडे तोच मास्टर आणि तोच एपॉक. तुटलेली डिस्क नाही, रीकन्स्ट्रक्शन चालू नाही, ॲग्रिगेट (डिस्कचे गट) आणि व्हॉल्यूम ऑनलाइन, रूट व्हॉल्यूममध्ये जागा, सगळे लिफ घरी, दोन्ही नोडचं घड्याळ जुळलेलं. याला अर्धा तास लागतो. यातलं एकही लाल असताना पुढे जायचं नाही. "एकच तर डिस्क गेली आहे, स्पेअर लागली आहे" हे कारण चालणार नाही. रीकन्स्ट्रक्शन संपू द्या.

नेटॲपच्या ॲक्टिव्ह आयक्यू पोर्टलमधून अपग्रेड ॲडव्हायझरचा प्लॅन काढा. तो तुमच्याच ऑटोसपोर्टवरून (ॲरे नेटॲपला पाठवतो ते अहवाल) बनतो, त्यामुळे ऑटोसपोर्ट खरंच जातंय ना ते आधी बघा. इंटरऑपरेबिलिटी मॅट्रिक्समध्ये (काय कशाबरोबर चालतं याचा नेटॲपचा तक्ता) ईएसएक्सआयची आवृत्ती, एचबीएचं फर्मवेअर आणि फायबर स्विचचं ओएस नव्या ऑनटॅपबरोबर जुळतं का ते तपासा. जुळत नसेल तर आधी काय अपग्रेड करायचं हा क्रमच बदलतो. आणि ॲरेच्या भोवतालची मंडळी विसरू नका: बॅकअपचं सॉफ्टवेअर, मॉनिटरिंग, कुणीतरी कधीतरी लिहिलेल्या स्क्रिप्ट. नेटॲप जुन्या झेडएपीआयवरून सगळ्यांना रेस्टकडे (प्रोग्रामने ॲरेशी बोलायच्या जुन्या आणि नव्या पद्धती) नेत आहे, शिवाय नव्या आवृत्त्या जुने टीएलएस आणि जुने एसएसएच सायफर (लॉगिन सुरक्षित ठेवणाऱ्या एन्क्रिप्शनच्या पद्धती) सोडत जातात. डेटा व्यवस्थित मिळत राहतो, पण बॅकअपचं लॉगिन बंद पडतं आणि ते दुसऱ्या रात्री कळतं.

इमेज आठवडाभर आधी उतरवा, चेकसम जुळवा, क्लस्टरवर ठेवून द्या आणि 'क्लस्टर इमेज व्हॅलिडेट' चालवा. तो एरर देईल आणि वॉर्निंग देईल. लोक एरर सोडवतात आणि वॉर्निंगवर ओके करतात. प्रत्येक वॉर्निंगपुढे "तपासली, अमुक मशीनवर, अमुक तारखेला" असं लिहिल्याशिवाय मी पुढे जात नाही, कारण होस्टचे पाथ आणि एसएमबी सेशन यांच्याबद्दलच्या सूचना तिथेच असतात. अपग्रेड सुरू करायच्या तासभर आधी हाच व्हॅलिडेट पुन्हा चालवा.

मागे फिरण्याबद्दल स्पष्ट बोलतो, कारण चेंजच्या फॉर्ममध्ये 'रोलबॅक प्लॅन' असा रकाना असतो आणि त्यात "जुनी आवृत्ती परत टाकू" असं लिहिलं जातं. ९.१५.१ वरून ९.१३.१ वर परतणं म्हणजे रिव्हर्ट, आणि तो सेवा थांबवून, सपोर्टला सोबत घेऊन करायचा असतो. ती तुमची शनिवार रात्रीची पळवाट नव्हे. रकान्यात थांबण्याच्या जागा लिहा. अपग्रेड मध्येच पॉज करता येतो. पहिला नोड नव्या आवृत्तीवर येऊन गिव्हबॅक झाला की तुमचा खरा निर्णय तिथे आहे: पाथची यादी जुळली का, एसक्यूएल बोलतंय का, शेअर उघडतात का. नसेल तर दुसऱ्या नोडला हात लावू नका. पॉज करा आणि सपोर्टशी बोला. मिश्र आवृत्तीत काही तास राहता येतं, फक्त त्या काळात नवे व्हॉल्यूम काढणं, कॉन्फिगरेशन बदलणं असलं काही करू नका. सपोर्टची केस आठवडाभर आधीच उघडून ठेवा आणि कॉन्ट्रॅक्ट चालू आहे ना ते बघा.

कॉन्फिगरेशनचा बॅकअप ॲरेबाहेर काढून ठेवा. आणि ज्या दोन डेटाबेसवर कारखाना चालतो त्यांचा एक रिस्टोअर त्या आठवड्यात खरोखर करून पाहा, दुसऱ्या सर्व्हरवर, पूर्ण. 'बॅकअप सक्सेसफुल' ही ओळ म्हणजे रिस्टोअर नव्हे.

वेळेचा अंदाज द्यायचा तर नेटॲपच्या दस्तऐवजात किमान अर्धा तास तयारीला, कंट्रोलरच्या एका जोडीला एक तास आणि नंतरच्या तपासणीला अर्धा तास धरलेला आहे. तुम्ही चार तासांची विंडो मागा. सुरू करण्याआधी मेंटेनन्सचा ऑटोसपोर्ट संदेश पाठवा, नाहीतर टेकओव्हरला बिघाड समजून सपोर्ट केस आपोआप उघडेल. व्हीएमवेअर, एसक्यूएल आणि नेटवर्क, तिघांचा एकेक माणूस कॉलवर हवा, 'गरज लागली तर फोन करा' या तत्त्वावर नाही.

नागपूरचं झालं की तिथल्या वेळा आणि व्हॅलिडेटच्या वॉर्निंग इथे टाका. नाशिकच्या सहा होस्टची पाथची यादीही द्या, होस्टची नावं आणि आयपी काढून. एकेका लनला किती पाथ आहेत ते मला बघायचं आहे. ती यादी येईपर्यंत तारीख पक्की करू नका.